नवे पॅड बसेपर्यंत

२४ सप्टेंबर, बुधवार

गीता, तारीख तू घाल, बोलते मी. ही वही खताच्या दुकानदारानं काकासाहेबाला फुकट दिली. काकासाहेब माझा पोरगा. गंगापूरला ऊस सांभाळतो आणि आठवड्यातून एकदा इथं हर्सूलला येऊन आमची तोंडं बघून जातो. वहीत रोजचं एक पान, कोरं. कोरं पान मला बघवत नाय. मला अक्षर येत नाय, पण जीभ येते, आणि सुनेला दुपारी वेळ असतो. गीता म्हणते, "आत्याबाई, तुम्ही सांगाल तेच लिहीन, मधे माझं काही घालणार नाही." नकोच घालू. माझी गाऱ्हाणी लिहायला तू वेगळी वही कर, जाडजूड बघून.

आज घटाची तिसरी माळ. नातू सत्यम संध्याकाळी कामावरून आला तो गल्लीभर गाडी किंचाळवत. बिडकीनच्या कंपनीत लागलाय. कंपनीची बस दारापासून नेते, पण नवाबाला गाडी पाहिजे. गाडी जुनीच घेतलेली, लाल, पुढून टोळासारखी वाकलेली. मागं बसणारा इतका उंच की पत्र्यावर कडबा रचायला चढलाय असं वाटावं.

"काय कापतोस रे गाडीत, बोकड?" मी विचारलं.

"ब्रेकचे पॅड संपलेत, आज्जी. लोखंडावर लोखंड घासतंय."

मागच्या उंच जागेवरनं अभय उतरला. समोरच्या घरातल्या रत्नमालाचा एकुलता. पोलीस भरतीसाठी पहाटे तलावाकडं पळतो आणि पळून आला की आमच्या चुलीपाशी थांबतो. त्याच्या आईला वाटतं पोरगं कमी खातं. कुठं कमी खातं ते मला माहीत आहे.

अभय म्हणाला, "आज्जी, याला सांगा, ओरिजिनल पॅड घे. हा मोबाईलवर सगळ्यात स्वस्त शोधतोय."

मी म्हणाले, "मागं बसणाऱ्याला सगळंच महाग पाहिजे असतं."

२७ सप्टेंबर, शनिवार

माझ्या चष्म्याची दांडी बसवायची होती, म्हणून सत्यमबरोबर रिक्षानं शहागंजकडं गेले. आधी त्याचं काम. इलियास नावाच्या माणसाचं सामानाचं दुकान आहे, बोळात, बसायला एकच स्टूल. ते त्यानं मला दिलं. "माय, बैठो आरामसे."

सत्यमनं मोबाईल दाखवला. इलियासनं बघितला न बघितला आणि परत दिला. "हा माल मैं रखता नहीं, बेटा. डब्बा असली जैसा. आत काय भरलंय अल्ला जाने."

मग तीन डबे काढले. एक गाडीच्या कंपनीचा, त्याची किंमत ऐकून सत्यम छताकडं बघायला लागला. दुसरा धातूचा, पकड जबरदस्त, पण चकतीच खाऊन टाकतो म्हणे. तिसरा मधला. रोज कामावर जाण्यायेण्याला तोच बरा, तो म्हणाला, चकतीही राहील आणि तूही राहशील.

"तू मधलाच गळ्यात घालणार, मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "साडीवाला पण तीन उलगडतो आणि मधली देतो."

इलियास लई हसला. "तो फिर माय, आप बोलो कौनसा?"

मी म्हणाले, मधला. गीता सकाळी म्हणत होती, कंपनीचाच आण. पण या घरात आजवर काय कंपनीचं आलंय? सूनसुद्धा आम्ही वैजापूरच्या बाजारात बघितली. (लिही, लिही. खरं आहे ते.)

निघताना इलियासनं सत्यमचा दंड धरून सांगितलं, "नवे आहेत, सुरुवातीला आहिस्ता चालव. पकड लगेच येत नाही. बैठने दो."

चष्मा झाला. आता मला गीताच्या भाकरीतला खडाही दिसतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

अंगणात दोघं गाडी उघडून बसले. मी गहू निवडत होते. पुढच्या चाकाला ती चकती, ताटलीएवढी, भोकांची. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायचं ते पॅडचं काम. दांडा दाबला की चिमटा आवळतो आणि गाडी थांबते. अभयनं मला हाताच्या दोन तळव्यांत पोळपाट धरून दाखवलं. कळलं. कळायला काय, मी बैलगाडी थांबवलेली आहे, तिला तर चिमटाही नव्हता.

सत्यमनं साबणानं हात धुतले, पुसले, तरी पॅड कागदात धरून बसवला.

"पोथी आहे का रे ती?"

"बोटाचा तेलकटपणा लागला तरी पकड जाते, आज्जी. म्हणून."

"ह्याला आंघोळ घालताना गीतानं इतकी काळजी घेतली असती, तर नाक जरा सरळ आलं असतं."

अभय हसून मागं पडला. पडला तर माझ्या निवडलेल्या गव्हावर.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सत्यम आज बसनं कामावर गेला, गाडी पूजेला घरी. गीता नैवेद्यात अडकलेली, म्हणून सगळी हत्यारं मीच केली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, अडकित्ता. गंगापूरहून इथं आलो तरी हे मी सोडलं नाय. वर्षभर लोखंड आपल्यासाठी राबतं. एक दिवस त्याला घासायचं, पुसायचं, तेल पाजायचं, मग हळदकुंकू. माझ्या सासऱ्यानं मला लग्नानंतर पहिल्या वर्षी शिकवलं होतं, तेल वरवर लावू नको, जिरव.

गाडीला पण तसंच केलं. आधी ओल्या फडक्यानं पुसली. ती चकती बघून मात्र मला वाईट वाटलं. नवे पॅड घातलेत आणि चकती ही अशी, रेघारेघांची, कडेला गंज. नवऱ्यामुलाला नवा फेटा आणि पायात जुनी वहाण. कापसाचा बोळा करडईच्या तेलात बुडवला आणि बसले. आतून, बाहेरून, एकेका भोकातून बोळा फिरवला. चाक पुढंमागं ढकलत चिमट्याच्या आतला भागही सोडला नाय. गुडघे धरले. पण अशी निघाली की तोंड बघावं. हळदकुंकवाची बोटं ओढली, दांड्याला झेंडूचा हार घातला तो चाकापर्यंत आला.

गीता म्हणाली, छान दिसते. तिच्या तोंडून हे माझ्या कामाबद्दल आलं, म्हणून लिहून ठेवते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आज नको लिहू.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिही. डोक्यात ठेवून झोप येत नाय.

दसऱ्याला अभयच्या लोकांचाही मोठा दिवस. बुद्ध लेणीवर सगळा समाज जमतो, पांढरे कपडे घालून. रत्नमाला बायकांबरोबर आधीच रिक्षानं गेली होती. अभयला सत्यम नेणार होता. अभयनं पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. मी म्हणाले, आज नवरा कोण आणि करवला कोण ते कळेना. हार काढून मीच सत्यमच्या हातात दिला, गाडीचा मान आहे, पायदळी टाकू नको. गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी हळू केली तेव्हा अभयला म्हणाला ते मी ऐकलं, "अजून पकडत नाहीत." अभय म्हणाला, "नवे आहेत, बसतील."

गेले. वंदना झाली. परत येताना लेणीच्या उतारावर माणसंच माणसं, पोरंबाळं. सत्यम सांगतो, दांडा दाबला तर नुसता मऊ घसरत गेला, मागचा ब्रेक एकटा पुरला नाय. समोर एक बाई, कडेवर लेकरू. त्यानं गाडी बाजूला घातली ती दगडी कठड्यावर. बाईला धक्का नाय लागला. सत्यमचं मनगट मोडलं. अभयचा उजवा पाय गाडी आणि कठड्याच्या मधे सापडला.

आज दवाखान्यात सत्यमच्या उशाशी बसले होते. मी म्हणाले, "लेकरा, देवाचं मी काय कमी केलं होतं? त्या चकतीला वाटीभर तेल जिरवलं."

तो कोपरावर उठला. "कुठल्या चकतीला, आज्जी?"

"पुढच्या. भोकांच्या."

"दोन्ही अंगांनी?"

"मग? अर्धवट कामाची मी नाय."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. मी नर्सला म्हणाले, याला दुखतंय, सुई दे. तो म्हणाला, सुई नको. मग डोळे पुसून म्हणाला, "आज्जी, पूजेचं कुणाला सांगू नकोस."

मला कळलं. लोक म्हणणार, पूजा करूनही झालं, म्हणजे हिच्याच हाताला यश नाय. पोरगा माझी अब्रू राखतो. बरं, नाय सांगत.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. अभयचा पाय घोट्याच्या वर काढला. डॉक्टरनं रत्नमालाला बाहेर बोलावून सांगितलं. ती उभी होती ती उभीच राहिली, रडली नाय. माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, त्याचे पळायचे बूट घरी दाराशीच आहेत. तेवढे उचलून ठेवा, मी यायच्या आत."

मी आणि गीतानं उचलले. कुठं ठेवायचे ते कळेना. आमच्या घरी आणले.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोलिसांनी गाडी सोडली. सत्यमनं एका हातानं झटून पॅड काढले, फडक्यात बांधले आणि इलियासकडं निघाला. मी म्हणाले, मी येणार. नको म्हणाला. मी रिक्षात आधी जाऊन बसले.

दुकानात मी स्टूलवर बसले नाय. उभ्यानंच बोलले. "भाऊ, तूच म्हणाला होतास ना, चकतीही राहील आणि तूही राहशील? चकती राहिली. दुसऱ्याच्या लेकराचा पाय गेला. काय भरलं होतं त्या डब्यात?"

इलियासनं फडकं सोडलं. पॅडवर अंगठा फिरवला. नाकापाशी नेला. मग माझ्याकडं नाय, सत्यमकडं बघितलं आणि हळू म्हणाला, "बेटा, ये तो..." सत्यमनं मान हलवली. एवढीशी. इलियासनं फडकं परत बांधलं.

"बोल ना," मी म्हणाले, "आता का जीभ आत गेली?"

"माय," तो म्हणाला, "अल्ला उस बच्चे को सब्र दे." आणि मला पाणी दिलं. मी घेतलं नाय. चोर असता तर भांडला असता, असं गीता म्हणते. मी म्हणते, चोर होता म्हणूनच भांडला नाय.

घरी आल्यावर सत्यम आणि गीता स्वैपाकघरात किती वेळ बोलत होते. मला बाहेर रेडिओ लावून दिला. गीता वही घेऊन आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. म्हणते, कांदा चिरला. कांद्याचं आज काहीच नव्हतं जेवणात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गिरणीवर दळण ठेवताना मी चार बायकांना सांगितलं, शहागंजच्या बोळात इलियास खोटा माल विकतो, त्यानं आमच्या अभयचा पाय खाल्ला. मी एवढंच बोलले. संध्याकाळी गल्लीतली दहा-बारा पोरं चौकात जमली, गाड्यांवर. त्यातली निम्मी तर अभयला ओळखतही नव्हती. म्हणे, उद्या दुकान दाखवतो त्याला. मला जरा बरं वाटलं. मग जरा वाईट वाटलं, त्या स्टूलचं. एकच होतं त्याच्याकडं.

सत्यम प्लास्टरच्या हातानं त्यांच्यात जाऊन उभा राहिला. माझ्या ओट्यावर ऐकू येत होतं.

"दुकानवाल्याचा संबंध नाही. पॅड चांगले होते. मी उतारावर जोरात होतो, ब्रेक वेळेवर दाबला नाही. मारायचं तर मला मारा."

एक जण म्हणाला, "अरे, पण तुझी आज्जीच सांगत होती."

"आज्जीला काय कळतं ब्रेकमधलं."

घरात आला तेव्हा मी त्याच्याशी बोलले नाय. चारचौघांत मला काय कळतं म्हणाला. गीतानं त्याला जवळ घेतलं. मला नाय विचारलं कुणी.

१९ ऑक्टोबर, रविवार

अभयला काल घरी आणलं. आज दुपारी रत्नमाला आमच्या दारात आली. आत ये म्हणाले, आली, पण बसली नाय.

"सत्यम," ती म्हणाली, "गल्लीत दोन गोष्टी ऐकू येतात. पॅड खोटे होते असं मावशी सांगतात. तू म्हणतोस चूक तुझी. पॅड खोटे असतील तर मी त्या दुकानावर केस करते, माझा भाऊ वकिलाकडं कारकून आहे. मला माझ्या लेकराच्या पायाचा जाब पाहिजे. कुणाकडं मागू ते तू सांग."

मी सत्यमच्या मागं उभी होते. त्याच्या पाठीला बोट लावलं, सांग, इलियासचं नाव सांग.

"माझ्याकडं मागा, काकू," सत्यम म्हणाला.

"ब्रेक लागले नाहीत, असं तूच दवाखान्यात म्हणाला होतास."

"घाबरून म्हणालो. ब्रेक चांगले होते. मीच दाबला नाही."

रत्नमाला त्याच्याकडं बघत राहिली. ह्याच पोराला तिनं आमच्या आधी भात भरवलाय. बाळंतपणानंतर गीता सहा-सात महिने अंथरुणातून उठली नव्हती तेव्हा. म्हणाली, "मग आमच्या दारात परत येऊ नकोस. अभयसमोर तर नाहीच." आणि गेली. सत्यम तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

मी त्याला लई बोलले. खोटं बोलायची अक्कल लागते, ती तुझ्यात नाय. कुणा दुकानदारासाठी तू आपलं माणूस तोडतोस. तो म्हणाला, "व्हय, आज्जी." मी काहीही म्हणाले तरी व्हय, आज्जी.

गीता मधेच उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आमच्या दारात चार पणत्या, समोरच्या दारात दिवा नाय. सत्यम कामावरून येतो आणि पालथा पडतो. प्लास्टरच्या हातानंच कंपनीच्या बसनं जातो येतो. जेवताना ताटाकडं बघतो. मी चेष्टा केली की हसतो, पण माझी समजूत काढल्यासारखं हसतो, मी लहान पोर असल्यासारखं. मला ते आवडत नाय. गीता पण हल्ली माझ्याशी भांडत नाय. मीठ जास्त झालं म्हणाले तर "हो" म्हणाली. घरात कुणी मेलं की माणसं अशी वागतात. मेलं तर कुणी नाय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मी ठरवलं आणि रत्नमाला कामावर गेलेली बघून गल्ली ओलांडली. सत्यमला परत येऊ नको म्हणाली होती, मला नाय.

अभय खाटेवर उशीला टेकून होता. दाढी वाढलेली. पायावर चादर, एका बाजूला लवकर संपलेली. मला बघून म्हणाला, "आज्जी, आज आमच्या घरी कसं? भाकरी नाही इथं."

मी खाटेशी बसले. म्हणाले, "पोरा, मी बढाई मारायला नाय आले. तुझा मित्र खोटं बोलतोय. ब्रेक त्यानं दाबला होता."

"मला माहीत आहे," अभय म्हणाला. "मी मागं होतो. त्याचं बोट दांड्यावर पांढरं पडलेलं मी बघितलं. पण तो असं का सांगतो ते कळत नाही. भेटायलाही येत नाही. मला वाटलं, त्यानंच स्वस्तातले नकली घातले आणि माझ्याशी इलियासभाईचे म्हणून खोटं बोलला."

"नाय रे. माझ्यासमोर घेतले, मी निवडले. बसवताना तर तू होतास. आणि गाडीची काळजी किती घेतली ते मला विचार. खंडेनवमीला मी स्वतः बसून सगळी हत्यारं केली, त्यात त्या चकतीला वाटीभर करडईचं तेल जिरवलं. दोन्ही अंगांनी, भोकाभोकातून. एवढी सेवा झालेली गाडी. आमच्याकडून कसूर नाय झाली, बाळा. जे खोटं होतं ते त्या डब्यात होतं, आणि सत्यम त्या इलियासला पाठीशी घालतोय. एवढंच तुला सांगायचं होतं."

अभयनं मान मागं टाकली. डोळे मिटले. मला वाटलं झोपला. चादर मुठीत धरली होती, ती हळूहळू सुटली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तोपर्यंत तो तसाच.

मग म्हणाला, "सत्यमला हे माहीत आहे? तेलाचं?"

"दवाखान्यात मीच सांगितलं. तो म्हणाला, पूजेचं कुणाला सांगू नकोस."

"असं म्हणाला." आणि अभय हसला. म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं आणि डोळ्यांतून पाणी. मी पदरानं पुसलं. माझा हात त्यानं धरून ठेवला, आधी घट्ट, इतका घट्ट की बांगडी रुतली. मग सैल. "आज्जी, त्याला म्हणावं संध्याकाळी ये. आईला मी बघतो. आणि पूजेचं आता खरंच कुणाला सांगू नका. माझ्या आईला तर मुळीच नाही. शब्द द्या."

मी दिला. ह्याला पण तेच पाहिजे. आजकालच्या पोरांना पूजाअर्चा म्हटलं की लाज वाटते.

२६ ऑक्टोबर, रविवार

परवापासून सत्यम रोज संध्याकाळी समोर जातो. पहिल्या दिवशी दारातच थबकला होता, अभयनं आतून शिवी दिली तेव्हा गेला. रत्नमालाला अभयनं काय सांगितलं ठाऊक नाय. म्हणे, रस्त्यात लेकुरवाळी बाई होती, तिला वाचवायला त्यानं गाडी बाजूला घातली, यापलीकडं विचारू नकोस. रत्नमाला सत्यमशी बोलत नाय अजून. पण दार बंद करत नाय. दोघं पोरं आत काय बोलतात कळत नाय. मी गेले की गप होतात आणि अभय सरकून मला खाटेवर जागा करतो.

म्हणजे बघ गीता, एवढे शिकलेले तुम्ही सगळे महिनाभर तोंडं पाडून बसलात, आणि अंगठेबहाद्दर म्हातारीनं एका दुपारी दोन बोलांत पोरं जोडून दिली. हे नीट लिही.

आता मला लिहिता येत नाय, म्हणून अभयला दिलेला शब्द तुझ्यापुरता मोडावा लागला. परवाचं सगळं तुला सांगितलं ते वहीत राहू दे. बाहेर कुणाला बोलायचं नाय. रत्नमालाला नाय, काकासाहेबाला नाय.

गीता म्हणाली, "नाही बोलणार, आत्याबाई."

आणखी मी काही विचारायच्या आत म्हणाली. पंचवीस वर्षांत ह्या बाईनं माझं एका बोलात ऐकलं ते आजच.